सोलर ड्रायर घेताय? थांबा, आधी या चार प्रश्नांची उत्तरं काढा



सोलर ड्रायरवरचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो, "सर, ड्रायर कुठून घेऊ?" प्रश्न बरोबर आहे, पण तो पाचव्या नंबरचा आहे. त्याच्या आधी चार प्रश्न आहेत आणि ते न सोडवता पैसे गुंतवले, तर सहा महिन्यांनी तुमच्या गच्चीवर ड्रायरमध्ये जुने पेपर ठेवलेले असतील. मी असे ड्रायर पाहिलेत. म्हणून व्हिडिओत घाईघाईने सांगितलेला हिशेब इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

हा धंदा आपल्याला नवा नाही

चैत्र-वैशाखात गच्चीवर साडी अंथरून कुरडया, सांडगे, पापड वाळत घातलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. कोकणात आमसुलं, आंबोशी, फणसपोळी. वाळवण म्हणजे सौरऊर्जेवर चालणारा अन्नप्रक्रिया उद्योगच की! आईने, आजीने फक्त त्याला तसं नाव दिलं नव्हतं.

मग ड्रायर वेगळं काय करतो? तीन गोष्टी. एक, माल झाकलेला राहतो, त्यामुळे धूळ, माशा, कावळे आणि अचानक आलेली वळवाची सर यांचा त्रास कमी. दोन, आतली हवा ५०-६० अंशांपर्यंत तापते, त्यामुळे माल लवकर वाळतो. तीन, ज्या ड्रायरमध्ये ऊन थेट मालावर पडत नाही, त्यात पाल्याचा हिरवा रंग बराच टिकतो. शहरातलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं आणि मग भाव विचारतं, हे लक्षात ठेवा.

हे मोठ्या पातळीवर करून दाखवणारं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. एसफोरएस टेक्नॉलॉजीज ही कंपनी गावातल्या महिलांना सौर ड्रायरवर काम देते आणि वाळवलेला माल विकत घेते. २०२३ साली या कंपनीला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. त्यातून आपण शिकायचं ते एवढंच: तिथे ड्रायर बसवतानाच माल कोण घेणार हे ठरलेलं असतं. आपण नेमकं उलटं करतो.

प्रश्न १: मालात पाणी किती आहे?

तुम्ही मंडईतून टोमॅटो आणता तेव्हा खरं तर पाणी विकत आणत असता. टोमॅटोत साधारण ९४ टक्के पाणी, कांद्यात ८६ टक्के, आल्यात ८० टक्के. शेवग्याच्या पाल्यात ७८ टक्क्यांच्या आसपास. वाळवल्यावर मालात ८ टक्के ओल ठेवायची असं धरलं, तर १० किलो साफ केलेल्या मालातून हाती येतं ते असं:

- टोमॅटो: सुमारे ६५० ग्रॅम
- कांदा: सुमारे दीड किलो
- आलं: सुमारे २ किलो १५० ग्रॅम
- शेवग्याचा पाला: सुमारे २ किलो ४०० ग्रॅम

लक्षात घ्या, हे साफ केलेल्या मालाचं आहे. कांद्याची सालं, किडका भाग, पाल्याचे देठ काढल्यावरचं वजन. म्हणजे खरेदी थोडी जास्तच करावी लागते. जात आणि हंगाम बदलला की आकडा थोडा हलतो, म्हणून पहिल्यांदा घरच्या वजनकाट्यावर स्वतः मोजा.

प्रश्न २: तुमच्याकडे ऊन किती आहे?

इथे विक्रेते सगळ्यात जास्त फसवतात, म्हणून नीट वाचा.

एक किलो पाणी वाफ करून उडवायला साधारण ०.७ युनिट ऊर्जा लागते. युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलातलंच युनिट. महाराष्ट्रात चांगल्या उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर जागेवर साधारण ५ युनिट ऊर्जा पडते. पण ती सगळी पाणी उडवायला मिळत नाही. काही काचेवरून परत जाते, काही गरम हवेबरोबर बाहेर पडते. साधा ड्रायर त्यातली ३० टक्के कामाला लावत असेल तर चांगला म्हणायचा. म्हणजे दीड युनिट. म्हणजे एका चौरस मीटरमागे दिवसाला २ किलोपेक्षा थोडं जास्त पाणी.

आता टोमॅटो घ्या. १० किलोत ९ किलोहून जास्त पाणी उडवायचंय. त्याला चार ते साडेचार चौरस मीटर जागा हवी, तीही कडक उन्हाची. कोणी तुम्हाला म्हणालं, "साहेब, एका चौरस मीटरच्या ड्रायरमध्ये रोज १० किलो टोमॅटो वाळतो," तर हसून चहा पाजा आणि निरोप द्या. तेवढं पाणी उडवायला साडेसहा युनिट लागतात आणि तिथे पडतातच पाच! हे गणित कुठल्याही कंपनीचा ड्रायर मोडू शकत नाही.

हेच काम विजेवर केलं तर? निव्वळ पाणी उडवायला साडेसहा युनिट, आणि साध्या इलेक्ट्रिक ड्रायरमध्ये उष्णता वाया जाते म्हणून धरा दुप्पट, म्हणजे १३ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ६५० ग्रॅम मालावर १३० रुपये फक्त विजेचे. उन्हाचं बिल येत नाही, हा तुमचा फायदा. पण ऊन सुट्टीवर जातं, हा तुमचा तोटा. जून ते सप्टेंबर फार धरू नका. मधले ढगाळ दिवस, सणवार, लग्नकार्य वजा करून वर्षाला २०० कामाचे दिवस धरा.

प्रश्न ३: एक पाऊच कितीला पडतं?

चला, टोमॅटो पावडरचं १०० ग्रॅमचं पाऊच घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे टाका.

रोज १० किलोचा एक घाणा. टोमॅटो १० रुपये किलोने मिळाला तर १०० रुपये. धुणं, चकत्या करणं, ट्रेवर पसरणं, दळणं मिळून अडीच तास, तासाला ६० प्रमाणे १५० रुपये. (घरचंच माणूस आहे म्हणून मजुरी शून्य धरायची नाही! आईचे, बायकोचे, तुमचे स्वतःचे तास फुकट नाहीत.) ड्रायर ४०,००० रुपयांचा, पाच वर्षं टिकला, वर्षाला २०० घाणे, म्हणजे घाण्यामागे ४० रुपये. झाले २९० रुपये. हाती आली साडेसहा पाऊच. एका पाऊचला ४५, अधिक पिशवी आणि स्टिकरचे ८. म्हणजे ५३ रुपये.

आता फक्त एक आकडा बदला. टोमॅटो ३० रुपये किलो झाला. बाकी सगळं तेच. पाऊच पडलं ८३ रुपयांना.

छापील किंमत १०० ठेवली आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले, तर तुमच्या हातात ७० येतात. पहिल्या वेळी १७ रुपये नफा, दुसऱ्या वेळी १३ रुपये तोटा. पाऊच तेच, मेहनत तीच. उलटा हिशेब केला तर कळतं की टोमॅटो २१ रुपयांच्या वर गेला की या भावात खरेदी बंद. हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि खरं सांगायचं तर, २०० दिवस १० रुपयांचा टोमॅटो मिळणार नाही. म्हणून एका मालावर वर्ष काढायचं नाही. भाव पडतो तेव्हा टोमॅटो, मग मेथी आणि कसुरी मेथीचा हंगाम, आलं, शेवगा, उन्हाळ्यात कैरी असं वर्षाचं कॅलेंडर बनवा. सगळे २०० घाणे त्याच नफ्याने गेले तरी वर्षाला साधारण २२,००० नफा आणि ३०,००० मजुरी घरात येते. सुरुवातीचा जोडधंदा म्हणून ठीक आहे. "महिन्याला लाख रुपये" हे स्वप्न मी तुम्हाला विकणार नाही.

प्रश्न ४: घेणार कोण?

कांद्याच्या साध्या चकत्यांमध्ये शिरण्याआधी दहादा विचार करा. गुजरातेत महुव्याला कांदा वाळवण्याचे मोठमोठे कारखाने आहेत. त्यांच्याशी किलोच्या भावात आपण लढू शकत नाही. आपली जागा छोट्या, ताज्या, ओळखीच्या मालात आहे. तुमच्या गावातला मिसळवाला, खानावळ, परगावी शिकणाऱ्या मुलांचे पालक, ट्रेकिंगला जाणारे ग्रुप, शहरातल्या सोसायटीतल्या नोकरदार ताई. यातल्या दहा जणांना घरच्या उन्हात वाळवलेला नमुना द्या. "छान आहे" या शब्दाला काही किंमत नाही. दुसऱ्यांदा पैसे देऊन किती जण मागतात, ते मोजा. दहातले चार परत आले तर पुढे चला.

आता ड्रायर आणि एक महागडी चूक

आमच्या एका बॅचमधल्या ताईंनी हे सगळं बरोबर केलं होतं. दुकान मिळालं, पहिली चाळीस पाऊच गेली. तीन आठवड्यांनी दुकानदाराने ती परत केली. आत गठ्ठे झाले होते, काहींना बुरशी. झालं काय होतं? ढगाळ दिवस होता, ऑर्डर द्यायची घाई होती. बाहेरून कोरड्या वाटणाऱ्या चकत्या आतून ओल्या होत्या आणि त्या गरम असतानाच पिशवीत भरल्या. पैसे गेले ते गेले, दुकानाचा विश्वासही गेला. परत मिळवायला त्यांना सहा महिने लागले.

म्हणून हे नियम पाळा:

१. चकत्या सारख्या जाडीच्या करा. पातळ करपते, जाड ओली राहते.

२. सुरुवातीलाच फार तापवू नका. वरची कड टणक होते आणि आतलं पाणी अडकतं.

३. हवा जायला वरची खिडकी उघडी ठेवा. "उष्णता बाहेर जाते" म्हणून ती बंद करणारे खूप आहेत. पण वाफ बाहेर गेली नाही तर माल वाळत नाही, शिजतो.

४. कांदा, टोमॅटो मोडून बघा. कट्‌ आवाज करून तुटला पाहिजे. वाकला तर परत ड्रायरमध्ये.

५. पूर्ण गार होऊ द्या, मग हवाबंद बरणीत आठवडाभर ठेवून रोज हलवा. आत थेंब किंवा गठ्ठा दिसला तर पुन्हा वाळवा. त्यानंतरच दळणं आणि पॅकिंग.

ड्रायर निवडताना ट्रेची एकूण जागा नाही, तर ऊन झेलणारी जागा किती चौरस मीटर आहे ते विचारा. एकावर एक सहा ट्रे लावले म्हणून ऊन सहापट होत नाही. ट्रे अन्नाला चालणारे, न गंजणारे आहेत का, वरची शीट यूव्ही संरक्षण असलेली आहे का, आणि बदलायची वेळ आली तर कितीला मिळेल, हेही लिहून घ्या. पैसे देण्याआधी तुमचा माल घेऊन जा आणि त्यांच्याच ड्रायरमध्ये वाळवून वजन करून बघा.

कागदपत्रं

खाण्याचा माल विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी हवीच. छोट्या उलाढालीसाठी साधी नोंदणी असते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. हे अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे, हातात रोख मिळत नाही. सध्याची स्थिती तालुका किंवा जिल्हा कृषी कार्यालयात जाऊन विचारा. आणि एक लक्षात ठेवा, अनुदानाशिवाय जो हिशेब जुळत नाही, तो अनुदान घेऊनही फार दिवस चालत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

ड्रायर विकत घ्यायचा नाही. दोन किलो कोणताही एक माल आणा, साफ करून वजन करा, गच्चीवर जाळीखाली वाळवा आणि पुन्हा वजन करा. तुमचे तास लिहा. पाऊच कितीला पडलं ते काढा. मग किती भावाच्या वर खरेदी बंद, तो आकडा काढा. यात दीडशे-दोनशे रुपये जातील, पण चाळीस हजारांचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येईल.

पुढच्या भागात याच पाऊचवर लेबल कसं करायचं ते बघू. तोवर वही भरा, भेटूच!