तटस्थतेचे मोल : इटली, १९१४-१५

'तटस्थ' म्हणजे तटावर उभा असलेला. शास्त्रग्रंथांत या शब्दाला निर्विकारतेची छटा आहे. राजकारणात मात्र तटावरचा मनुष्य बहुधा पाण्याची खोली अजमावीत असतो. तटस्थ राष्ट्र महायुद्धात का उतरते, याचे उत्तर भय, संताप वा ध्येयवाद यांत शोधण्याचा प्रघात आहे. पहिल्या महायुद्धातील इटलीचा वृत्तान्त पाहता या तिहींच्या आधी एक सौदा झालेला दिसतो आणि त्याला भाषा पुरविण्याचे काम साहित्यिकाकडे आलेले दिसते.

१८८२ पासून इटली, जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात मैत्रीचा करार होता. पण तो बचावापुरता होता, आणि सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडताना ऑस्ट्रियाने इटलीला विचारलेही नव्हते. त्यामुळे ऑगस्ट १९१४ च्या आरंभी इटलीने जाहीर केलेली तटस्थता नियमाला सोडून नव्हती. शिवाय लांबलचक किनारा ब्रिटिश आरमाराच्या टप्प्यात, आणि कोळसा बव्हंशी ब्रिटनचा. परंतु युद्धमान पक्ष तुल्यबळ असतात तोवरच काठावरच्याला भाव असतो. निकाल लागला की त्याला कोणी विचारीत नाही. ऑक्टोबर १९१४ मध्ये पंतप्रधान सालान्द्राने 'पवित्र स्वार्थ' असा शब्दप्रयोग केला, तो याच जाणिवेतून. त्यातील विशेषणावर बराच भार पडला आहे.

इटालियन भाषकांची त्रेन्तो व त्रिएस्ते ही नगरे ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होती. न लढताही पुष्कळ काही पदरात पडेल, असे ज्येष्ठ नेता जोलित्ती याचे मत होते. ऑस्ट्रियाने देऊ केलेही, पण उशिरा आणि नाखुशीने; कारण द्यावयाचे ते स्वतःच्या अंगाचे कापून. दोस्त राष्ट्रांना ही अडचण नव्हती, ती दुसऱ्याचा मुलूख देत होती. २६ एप्रिल १९१५ च्या लंडनच्या गुप्त करारात त्यांनी ब्रेनर खिंडीपर्यंतचा प्रदेश, त्रिएस्ते, इस्त्रिया आणि दाल्मेशियाचा काही भाग कबूल केला. मोबदल्यात महिन्याभरात युद्धप्रवेश. या प्रदेशांत जर्मन व स्लाव्ह भाषकही लाखोंनी होते. जुना करार इटलीने ४ मे रोजी मोडला. म्हणजे मधले आठ दिवस हे राष्ट्र दोन्ही पक्षांना बांधलेले होते, आणि संसदेला त्याची वार्ता नव्हती.

५ मे रोजी क्वार्तो येथे दान्नुन्त्सिओ या कवीचे भाषण झाले. १८६० साली गॅरिबाल्डी आपले हजार स्वयंसेवक घेऊन याच किनाऱ्यावरून सिसिलीकडे निघाला होता. त्या स्मारकाच्या अनावरणाचा तो प्रसंग. ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनाची लय उचलून कवीने युद्धोत्सुक तरुणांना धन्य म्हटले. सावरकरांच्या १९०७ सालच्या अनुवादातून मॅझिनीची ओळख झालेल्या मराठी वाचकाला या भाषणातील मुक्ती, ऐक्य, बलिदान हे शब्द परिचित वाटतील. मात्र आता त्यांच्या आडून परक्यांची भूमीही मागितली जात होती.

जोलित्ती रोमला आला तेव्हा सुमारे ३०० प्रतिनिधींनी पाठिंब्याची खूण म्हणून त्याच्या निवासस्थानी आपली भेटपत्रे ठेवली. संसदेत बहुमत तटस्थतेचे होते. १३ मे रोजी सालान्द्राने राजीनामा दिला. रस्त्यांवर जमाव उसळले, दान्नुन्त्सिओने जोलित्तीला देशद्रोही ठरविले, आणि राजाने सालान्द्रालाच पुन्हा पाचारण केले. २० मे रोजी त्याच सभागृहाने ४०७ विरुद्ध ७४ मतांनी सरकारला युद्धाधिकार दिले. २३ मे रोजी युद्ध पुकारले गेले, तेही केवळ ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध. जर्मनीविरुद्ध ऑगस्ट १९१६ मध्ये. कवीच्या वाणीने युद्ध घडविले असे मानणे हे त्याच्या आत्मप्रौढीला दुजोरा देण्यासारखे आहे, कारण सही नऊ दिवस आधीच झाली होती. तिच्यामुळे घडले ते एवढेच, की ३०० भेटपत्रे निरर्थक ठरली.

सुमारे सहा लाख इटालियन सैनिक मृत्यू पावले. दाल्मेशियाचा बहुतेक भाग मिळाला नाहीच. युद्धप्रवेशाचा पुरस्कार करणारा उंगारेत्ती साधा शिपाई म्हणून कार्सोच्या खडकाळ पठारावर गेला. तेथे लिहिलेल्या त्याच्या कवितांच्या ओळी कित्येकदा दोन-तीन शब्दांतच संपतात; क्वार्तोच्या वक्तृत्वाचा त्यांत मागमूस नाही. १९१६ च्या अखेरीस उदिने येथे त्या संग्रहाच्या ८० प्रती छापल्या गेल्या.