पावतीविना नोंद नको : खारेपाटणचा ताम्रपट आणि संदर्भसूचीचे संगणकीय साधन

शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८. दक्षिण कोकणच्या शिलाहार वंशातील रट्टराजाने एक दानपत्र ताम्रपटावर कोरविले. दानात तीन गावे होती. त्यांबरोबर बंदराच्या उत्पन्नातील वाटाही होता. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याणक आणि कंदलमूलीय येथून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचे एक धरण. हजार वर्षांपूर्वीची ही जकात वाचताना व्यापारी घराण्यातील वाचकाच्या मनात पहिला प्रश्न उठतो : याला आधार काय?

हा ताम्रपट खारेपाटणचा. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यात, वाघोटण नदीच्या काठी वसलेले हे जुने व्यापारी गाव. ताम्रपटाचे वाचन प्रथम प्रसिद्ध केले ते ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी. त्यांचे जन्मगाव पोंभुर्ले याच जिल्ह्यात, देवगड तालुक्यात आहे. पुढे १८९४-९५ च्या सुमारास कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त त्याचे पुन्हा संपादन केले. १९७७ मध्ये वा. वि. मिराशी यांच्या शिलाहार लेखांच्या संग्रहात तो पुन्हा आला. एकच ताम्रपट, पण वाचने तीन, आणि प्रत्येक पिढीने आधीच्यांचे काम तपासून पाहिलेले.

आज असे लेख, मूर्ती, हस्तलिखिते यांची माहिती संगणकावर ठेवली जाते. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूचे एक खातेपान असते : नाव, स्थळ, काळ, मोजमाप, छायाचित्र. परंतु ही माहिती कोणी, कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर सांगितली, याला त्या पानात जागा नसेल, तर ते खाते पावतीविना लिहिलेल्या रकमेसारखे होय. रक्कम खरी असेलही; हिशेब तपासणारा ती मान्य करणार नाही. म्हणूनच अशा साधनांना संदर्भसूचीची जोड देण्याचे काम महत्त्वाचे ठरते.

ही जोड कशी असावी, हे आपल्या खतावणीवरून सहज उमजेल. व्यापाऱ्याचे नाव-पत्ते आपण दर व्यवहाराला नव्याने लिहीत नाही. ते खतावणीत एकदाच असतात आणि रोजमेळातून खातेपानाचा आकडा दिला जातो. त्याचप्रमाणे ग्रंथाचे नाव, लेखक, खंड, वर्ष व प्रकाशनस्थळ यांची नोंद सूचीत एकदाच करावी. ताम्रपटाच्या पानावर त्या नोंदीचा दुवा आणि पृष्ठांक तेवढा ठेवावा. सूचीतली चूक एकदा दुरुस्त केली की सर्वत्र सुधारते. उलट, एखाद्या ग्रंथाच्या नोंदीवरून त्याच्या आधाराने काय काय लिहिले आहे, हेही क्षणात समोर येते. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार होऊन २००६ मध्ये आलेले ‘झोटेरो’ हे विनामूल्य साधन अशी सूची सांभाळते. त्यात देवनागरीतील नोंदीही ठेवता येतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. १८८० च्या गॅझेटियरात खारेपाटणच्या जैन मंदिराचा उल्लेख आहे. पण तो ग्रंथ ‘रत्नागिरी व सावंतवाडी’ या नावाचा. केवळ ‘सिंधुदुर्ग’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती तो लागणार नाही आणि मंदिराची जुनी नोंदच नाही, असे तो समजून बसेल. म्हणून सूचीत स्थळाचे जुने-नवे नाव, जुना-नवा जिल्हा आणि इंग्रजी व मराठी दोन्ही लेखन असावे. मतभेदांचेही तसेच. ताम्रपटातील ‘बलिपत्तन’ म्हणजे खारेपाटण, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींना ते अमान्य आहे. कोणाचे मत कोठे मांडले आहे, हे सूची सांगते. निर्णय वाचक करतो.

हे काम आपल्या परंपरेला परके नाही. हरि दामोदर वेलणकर यांनी ठिकठिकाणच्या ग्रंथभांडारांच्या याद्या एकत्र करून ‘जिनरत्नकोश’ सिद्ध केला आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने तो १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथाचे नाव काढावे, तर त्यावरील टीका आणि हस्तलिखिते कोठे आहेत, याचा ठाव लागतो. त्याच्या आदल्याच वर्षी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथ सूची’ प्रसिद्ध झाली होती. दोघांपाशीही संगणक नव्हता. होती ती शिस्त. आजचे साधन ही शिस्त सोपी करते, पण शिस्त आपणच आणावी लागते.

अनेक घरांच्या माळ्यावर जुन्या वह्या, दस्तऐवज, हस्तलिखिते आहेत. कोकणच्या दमट हवेत वाळवी आणि बुरशी कोणाची वाट पाहत नाहीत. त्यांची छायाचित्रे काढणारी तरुण मंडळी घरोघरी आहेत, ही समाधानाची गोष्ट. मात्र छायाचित्राबरोबर चार ओळी लिहाव्यात : वही कोणाची, कोणाकडून मिळाली, कोणत्या पानाचे हे चित्र, आणि तिचा उल्लेख कोठे छापला गेला असल्यास तो ग्रंथ. त्या ओळींवाचून पन्नास वर्षांनी हे चित्र कोणत्या घराचे, हे ओळखणारे कोणी उरणार नाही.

कार्तिक शुद्ध पंचमी ही आपल्याकडे ज्ञानपंचमी आणि व्यापाऱ्यांची लाभपंचमीही. त्या दिवशी नव्या वहीचे पहिले पान लिहिताना घरातल्या जुन्या वहीचीही एक नोंद संदर्भासह करावी. हिशेब दोन्हींचा चोख राहावा.