लेझरला केस दिसत नाही, रंग दिसतो

ज्या उन्हात नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळते, त्याच उन्हात माणसाची कातडीही रापते. हनुवटीवरचे नकोसे केस लेझरने काढून घ्यायचे असतील, तर या रापलेल्या कातडीचा विचार आधी करायला हवा.

लेझर केस शोधत नाही. शोधतो मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य. अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ मध्ये यामागचं तत्त्व मांडलं. योग्य तरंगलांबीचा प्रकाश रंगद्रव्य शोषून घेतं आणि तापतं. झोत क्षणभराचाच असेल, तर उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत नेमकं लक्ष्य जळतं. केसाचं मूळ असंच निकामी होतं. अडचण एवढीच, की मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असतं आणि सावळ्या, त्यातही रापलेल्या त्वचेत ते भरपूर असतं. प्रकाश तिथेच अडतो आणि केसाऐवजी कातडी भाजते.

मग मशीनच्या टोकाच्या आकाराचे लालसर चौकोन उमटतात, फोड येतात. खपली पडल्यावर काळे डाग राहतात, क्वचित पांढरे. बरेचसे काळे डाग काही महिन्यांत फिकटतात. खोल भाजलं तर व्रण कायमचा. भुवयांखाली लेझर मारल्यास डोळ्यालाही इजा होऊ शकते, कारण मेलॅनिन डोळ्यातही आहे.

सगळ्यात चक्रावणारा परिणाम म्हणजे केस कमी होण्याऐवजी वाढणं. सावळ्या बायकांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर हे जास्त दिसतं. अपुरी उष्णता मुळांना मारत नाही, उलट जागं करते, असा एक अंदाज आहे. मात्र वाढीचं कारण दरवेळी लेझरच असतं असं नाही: पीसीओडी हा हार्मोन्सचा विकार असेल, तर त्यावर उपचार झाल्याशिवाय नवे केस येतच राहतात.

लांब तरंगलांबीचा प्रकाश मेलॅनिन कमी शोषतं आणि तो खोलवर जातो. म्हणून सावळ्या त्वचेसाठी ७५५ नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइटपेक्षा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर सुरक्षित मानतात.

तेव्हा पैसे भरण्याआधी मशीन कोणतं, ते चालवणार कोण, हे विचारा. लहानशा जागेवर चाचणी करून दोन दिवस वाट पाहा. आधी काही आठवडे ऊन टाळा. वॅक्सिंग, थ्रेडिंगही नको, कारण मूळच उपटलं तर लेझरला लक्ष्य उरत नाही. आणि त्वचारोगतज्ज्ञाने तपासल्याशिवाय पार्लरमधल्या स्वस्त पॅकेजच्या नादी लागू नका.