जुन्या मोटारीची वाजवी किंमत : एका मूल्यनिर्णयाची मीमांसा

मोटारगाडी विकत घेतल्याच्या दिवसापासून तिची किंमत उतरू लागते आणि पुष्कळ वर्षांनी, फारच थोड्या गाड्यांच्या बाबतीत, ती पुन्हा चढू लागते. या दोन अवस्थांच्या मधल्या काळात बहुतेक गाड्या मोडीत निघतात. ज्या उरतात त्यांतील कित्येक एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली, चाकांतील हवा गेलेल्या स्थितीत पडून असतात. मूळ मालक दिवंगत झालेला असतो, वारसांना जागा मोकळी करून हवी असते आणि एके दिवशी कोणी तरी दारात येऊन “काय घ्याल?” असे विचारतो. या प्रश्नाला घाईने दिलेले उत्तर बहुधा चुकते. कधी वारस भंगाराच्या भावाने गाडी देऊन मोकळे होतात. कधी कोठल्या तरी लिलावात ऐकलेल्या आकड्यावर अडून बसतात आणि गाडी आणखी चार पावसाळे गंजत राहते. अशा गाडीची वाजवी किंमत काही रीतीने काढता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या परिचयाची फियाट ११००, म्हणजे पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी, घेतली आहे.

उत्पादनखर्चाचा निकष

या गाडीच्या संदर्भात ‘वाजवी किंमत’ हा शब्दप्रयोग नवा नाही. वालचंद समूहाने १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होत असे. १९६४ मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले आणि १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. १९६९ साली केंद्र सरकारने नियंत्रण आदेश काढून मोटारींच्या विक्रीच्या किमती ठरवून दिल्या. उत्पादकांना त्या मान्य नव्हत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले, किमतींच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला. त्या साऱ्या विवेचनाचा पाया साधा होता : गाडी तयार करण्यास येणारा खर्च आणि त्यात गुंतलेल्या भांडवलावर वाजवी परतावा, यांची बेरीज म्हणजे वाजवी किंमत.

परंतु त्याच काळात नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि थांबण्याची तयारी नसलेला ग्राहक वापरलेल्या गाडीलाही नव्या गाडीच्या नियंत्रित किमतीहून अधिक पैसे मोजत असे. म्हणजे खर्चावर आधारलेली किंमत आणि बाजारातील किंमत यांची फारकत या गाडीने आपल्या भरभराटीच्या दिवसांतच अनुभवली होती.

आज ती तयार होत नाही. तिचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबले. तेव्हा उत्पादनखर्चाचा निकष आपोआपच बाद होतो. घसाऱ्याचा निकषही उपयोगी नाही, कारण हिशेबाच्या वहीत अशा गाडीची किंमत केव्हाच शून्यावर आलेली असते. आणि वारसांच्या तोंडी हमखास येणारा निकष, “वडिलांनी हिच्यावर किती खर्च केला होता!”, हा तर मुळीच टिकत नाही. होऊन गेलेला खर्च हा बुडीत खर्च होय. त्यातील जेवढा भाग गाडीच्या आजच्या स्थितीत दिसतो तेवढाच किमतीत येऊ शकतो.

शेषमूल्याची रीत

अशा परिस्थितीत उपयोगी पडणारी रीत जमिनीच्या मूल्यांकनात रूढ आहे. इमारत बांधण्याजोग्या भूखंडाचे मूल्य काढताना पूर्ण झालेल्या इमारतीचे अपेक्षित मूल्य घेतात, त्यातून बांधकामाचा खर्च, जोखीम व परतावा वजा करतात आणि जे उरते ते जमिनीचे मूल्य मानतात. मोटारीलाही हीच रीत लावता येते. त्याच सालची, त्याच घडणीची, चालू व नीटनेटकी गाडी आज ज्या किमतीस प्रत्यक्ष विकली जाते तो आकडा आरंभी घ्यावा. मागितलेल्या किमती येथे गृहीत धरू नयेत; मागणारा काहीही मागतो. त्या आकड्यातून दुरुस्तीचा खर्च, अनपेक्षित खर्चाची तरतूद आणि कागदपत्रांचा व वाहतुकीचा खर्च वजा करावा. जे उरते ते शेषमूल्य.

रीत स्पष्ट व्हावी म्हणून काही कल्पित आकडे घेऊ. चालू गाडीची किंमत १०० मानू. पहिली गाडी पुण्याच्या बाजूस छपराखाली उभी होती. तिच्या पत्र्याला व रंगाला १८, इंजिनाला १२, ब्रेक, स्प्रिंगा व टायर यांना १०, वायरिंग व बैठकींना ६, असा एकूण ४६ खर्च दिसतो. अनपेक्षित खर्चासाठी ९ आणि कागदपत्रे व वाहतूक यांसाठी ४ धरले, तर एकूण वजावट ५९ होते आणि शेषमूल्य ४१ येते. दुसरी गाडी मुंबईत समुद्राजवळ उघड्यावर उभी होती. तिचे इंजिन, ब्रेक व इतर यंत्रणा पहिलीसारखीच, म्हणजे खर्च २८. मात्र पत्र्याला व रंगाला ४२ लागतील. एकूण ७०, अनपेक्षित खर्चासाठी २१, कागदपत्रे व वाहतूक ४. वजावट ९५, शेषमूल्य ५.

दोन्ही गाड्या सारख्याच जुन्या, कदाचित सारख्याच मैल धावलेल्या. तरी एकीचे शेषमूल्य दुसरीच्या आठपट आहे. याचे कारण या गाडीच्या रचनेत आहे. फियाट ११०० ला स्वतंत्र सांगाडा नाही. तिचा तळ व काया मिळूनच सारा भार पेलतात. त्यामुळे तळाला आणि दरवाज्यांखालच्या पट्ट्यांना लागलेला गंज हा केवळ दिसण्याचा दोष नसून गाडीच्या बळकटीचा दोष असतो. १०८९ घनसेंटिमीटरचे तिचे चार सिलिंडरांचे साधे इंजिन कुशल मिस्त्रीला खोलून बसविता येते. कुजलेला तळ मात्र कापून नव्याने घडवावा लागतो. म्हणून गाडी किती धावली यापेक्षा ती कोठे व कशी उभी राहिली, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

खालची मर्यादा आणि अनिश्चितता

येथे एक अडचण उद्भवते. दुसऱ्या गाडीचे शेषमूल्य ५ आले, परंतु तिचे दरवाजे, काचा, दिवे, गिअरपेटी व इंजिन सुटे करून विकले आणि उरलेला पत्रा मोडीत घातला, तर, समजा, ८ मिळतात. मग तिची वाजवी किंमत ५ नसून ८ आहे, कारण ८ मिळत असता ५ स्वीकारणे विक्रेत्यावर बंधनकारक नाही. सुट्या भागांचे मूल्य ही अशा प्रकारे किमतीची खालची मर्यादा होय. या मर्यादेवर जाऊन कोणी गाडी उभी करण्यासाठीच जास्त पैसे देत असेल, तर तो आपल्या आठवणीचे किंवा हौसेचे मूल्य देत आहे. त्यात गैर काही नाही; मात्र ते मूल्य त्याचे आहे, गाडीचे नाही, हे उभयपक्षी ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट अशी की शेषमूल्य ही दोन मोठ्या व अनिश्चित आकड्यांतील लहान वजाबाकी असते. पहिल्या उदाहरणात चालू गाडीची किंमत १०० ऐवजी ९० मानली, तर शेषमूल्य ४१ वरून ३१ वर येते. मूळ अंदाजात दहा टक्क्यांची चूक, परंतु निष्कर्षात जवळजवळ चोवीस टक्क्यांची. म्हणून “या गाडीची किंमत अमुकच” असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. प्रामाणिक मूल्यनिर्णय हा नेहमी एक पट्टा असतो, बिंदू नसतो.

हा पट्टा तपासणीने अरुंद होतो. गाडी जॅकवर उचलून तळ खालून पाहणे, चटया काढून पत्रा टोचून पाहणे, लांबी भरून झाकलेला गंज लोहचुंबकाने ओळखणे, इंजिन हाताने फिरते की जाम झाले आहे हे पाहणे, या गोष्टींस फारसा खर्च नाही. त्यांनी दुसऱ्या गाडीची अनपेक्षित खर्चाची तरतूद २१ वरून १२ वर आली, तर शेषमूल्य ५ वरून १४ होते. गाडीत काहीही बदल झालेला नसतो. बदललेले असते ते फक्त तिच्याविषयीचे ज्ञान.

कागदपत्रे

कागदपत्रांना या हिशेबात स्वतंत्र स्थान आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते व पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. कित्येक वर्षे पडून राहिलेल्या गाडीचे नूतनीकरण राहून गेलेले असते, आणि मालक मृत झाला असल्यास वारसाच्या नावावर हस्तांतरही व्हावयाचे असते. नोंदणीपुस्तकच हरवलेले असेल, किंवा त्यातील क्रमांक चॅसिसवरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर चालू गाडीच्या किमतीपासून आरंभ करण्याचा हक्कच उरत नाही; सुट्या भागांच्या मूल्यावर यावे लागते.

१५ जुलै २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली. तिचे शुल्क नव्या नोंदणीस २०,००० रुपये ठरविण्यात आले आणि मुदत दहा वर्षांची. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि तिच्या सांगाड्यात, कायेत वा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत अशी अट आहे. यावरून एक विचित्र वाटणारा परंतु महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्या जुन्या गाडीत हौसेने दुसरेच इंजिन बसविले गेले आहे, तिच्यापेक्षा न हलविलेली, धुळीने माखलेली गाडी या दृष्टीने अधिक मूल्यवान ठरू शकते. दुर्लक्ष हे प्रत्येक वेळी नुकसानच असते असे नाही. कधी कधी ते अनवधानाने केलेले जतनही असते.

अज्ञान कोणाकडे?

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वापरलेल्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखविले होते की विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक व ग्राहकाला अज्ञात असले, म्हणजे चांगल्या गाड्या बाजारातून मागे हटतात. या विचाराबद्दल २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आपल्या उदाहरणात मात्र ही स्थिती पुष्कळदा उलटी असते. ज्याने गाडी चालविली तो हयात नाही. विकणाऱ्या वारसाला डिलाइट व पद्मिनी यांतील भेद ठाऊक नाही. आणि दारात आलेल्या ग्राहकाला डिकीत पडलेल्या मूळ दिव्याची, चाकाच्या टोपीची किंमत अचूक माहीत आहे.

कायदा येथे फारसा मदतीस येत नाही. १८७२ च्या करार अधिनियमानुसार संमती मोकळेपणाने दिलेली असेल, तर केवळ मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार रद्दबातल होत नाही. आणि बोलण्याचे कर्तव्य नसता केवळ मौन बाळगणे ही सामान्यतः फसवणूक ठरत नाही. म्हणजे कायदेशीर किंमत आणि वाजवी किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९७१ साली नव्या गाडीची वाजवी किंमत ठरविण्यास न्यायालय होते. आज जुन्या गाडीची वाजवी किंमत ठरविण्यास ते दोघेच आहेत, विकणारा आणि घेणारा.

तात्पर्य, वाजवी किंमत म्हणजे गाडीत दडलेला एखादा आकडा नव्हे. चालू गाडीची किंमत, वजावटीच्या बाबी आणि सुट्या भागांचे मूल्य ही तिन्ही एकाच कागदावर मांडून उभय पक्षांनी वाचली आणि तरीही दोघांनी मान्य केली, अशी किंमत वाजवी होय. जो ग्राहक हा कागद विक्रेत्यापुढे ठेवू शकत नाही, त्याने देऊ केलेली किंमत कमी आहे असे समजावे. जो विक्रेता तो वाचावयास तयार नाही, त्याने मागितलेली किंमत जास्त आहे असे समजावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निघून गेली. तिच्यामुळे टिकून राहिलेले मिस्त्री व सुट्या भागांचे दुकानदार यापुढे कमी होत जाणार, दुरुस्तीचा खर्च वाढणार आणि उरलेल्या गाड्यांची हौसही वाढणार. वजाबाकीतील दोन्ही संख्या हलू लागल्या असता आवारातील गाडीचा हिशेब पुढच्या पावसाळ्यावर टाकणे विक्रेत्याच्या हिताचे नाही, आणि गाडीच्या तर नाहीच नाही.