ठेव लेकराच्या नावाची, हिशेब आईबापाचा

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आधाराने ऊर्जानगरची वसाहत उभी राहिली. आमच्या समाजातील कित्येक घरांत दरमहा पगार प्रथमच आला तो अशा नोकऱ्यांमुळे. शेतमजुरी करणाऱ्या बापाला लेकरासाठी ठेव ठेवता आली नाही. त्याचा मुलगा आज आपल्या लेकरांच्या नावाने बँकेत ठेव ठेवतो. ही प्रगतीच आहे. परंतु सोबत एक गैरसमजही घरात शिरला आहे : मुलाच्या नावावर पैसा टाकला की कर लागत नाही! एजंट हेच सांगतात आणि आमचा शिकलेला नोकरदारही मान डोलावतो.

कायदा काय म्हणतो? ज्यांच्याकडे वाटून लपवण्याइतकी इस्टेट होती, ते ती अज्ञान मुलांच्या नावे दाखवून कर चुकवत. म्हणून १९९२ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ६४ (१-अ) घातले. अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न, आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचे. आई-वडील विभक्त असतील तर जो मुलाचा सांभाळ करतो त्याच्या. पैसा आजोबांनी दिलेला असो की मामाने, त्यावरचे व्याज सुटत नाही. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा आला, तरी हे तत्त्व कायम आहे.

समजा, मुलीच्या नावे दोन लाखांची ठेव आहे आणि व्याज सात टक्के. वर्षाचे चौदा हजार. जुनी करपद्धती निवडली तर प्रत्येक मुलामागे दीड हजारांची सूट. नव्या पद्धतीत तीही नाही. बाकीची रक्कम विवरणपत्रात दाखवलीच पाहिजे. बँकेने त्यातून कर कापला असेल, तर बँकेला लिहून देऊन तो आई किंवा वडिलांच्या नावे जमा करून घेता येतो.

आता याच कायद्याची दुसरी बाजू पाहा. मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कला-कौशल्याने मिळवलेले उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. भीमगीतांच्या कार्यक्रमात गाणाऱ्या मुलीचे मानधन तिचेच. मात्र ते बँकेत ठेवले की त्यावरचे व्याज पालकांकडे मोजले जाते. कायद्यात ठरलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्नही स्वतंत्र धरतात. शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. 'हेही दाखवा' म्हणून कोणी भीती घातली तर घाबरू नये. सुकन्या समृद्धी खात्याच्या व्याजावरही कर नाही.

म्हणजे बापाच्या पैशावर वाढलेला पैसा बापाचा आणि लेकराच्या घामाचा, गुणाचा पैसा लेकराचा. या न्यायाला आम्ही का भ्यावे? बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात करशास्त्राचे जाणकार प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला. प्रांतीय वित्तावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुयायांनी आयकराचा कागद एजंटाच्या भरवशावर सोडावा, हे शोभत नाही.

ज्या शिष्यवृत्तीवर आमची पिढी शिकली, ती सरकारच्या तिजोरीतूनच आली होती. तेव्हा जे देणे आहे ते चोख द्यावे आणि जे लेकराच्या हक्काचे आहे त्यातला एक रुपयाही सोडू नये. मार्चअखेर जवळ आली की विहारात एक रविवार यासाठी ठेवा. वस्तीतल्या हिशेब जाणणाऱ्या तरुणांना बोलवा आणि पासबुके उघडून बसा.