अल्झायमर रोगाची आनुवंशिक जोखीम

अल्झायमर रोगाची शक्यता वाढवणाऱ्या किंवा कमी करणाऱ्या जनुकीय घटकांच्या एकत्रित परिणामास अल्झायमर रोगाची आनुवंशिक जोखीम म्हणतात. हा रोग स्मृतिभ्रंशाचे (डिमेन्शिया) सर्वाधिक आढळणारे कारण आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉईस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीमुळे तो वार्धक्याचाच भाग समजला जातो. तथापि तो मेंदूचा रोग आहे. आईवडिलांना झाला म्हणजे मुलांनाही होणारच, ही समजूतदेखील बहुतेक कुटुंबांबाबत चुकीची आहे.

रोगास कारण ठरणारी जनुके

एक टक्क्याहून कमी रुग्णांत रोगाचे थेट कारण एकाच जनुकातील उत्परिवर्तन असते. ही जनुके तीन आहेत: २१व्या गुणसूत्रावरील एपीपी, १४व्यावरील पीएसईएन-१ आणि पहिल्यावरील पीएसईएन-२. अशा कुटुंबांत रोग बहुधा ६५ वर्षांपूर्वीच सुरू होतो व उत्परिवर्तन प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. डाऊन सिंड्रोममध्ये २१वे गुणसूत्र, आणि त्यासोबत एपीपी जनुकही, तिप्पट असल्याने त्या व्यक्तींनाही हा रोग लवकर होण्याचा धोका असतो.

जोखीम वाढवणारी जनुके

उतारवयातील रोगात सर्वांत प्रभावी जनुक १९व्या गुणसूत्रावरील एपीओई हे होय. त्यापासून मेंदूत कोलेस्टेरॉल वाहून नेणारे प्रथिन तयार होते. त्याची ई२, ई३ व ई४ अशी तीन प्रमुख रूपे असून प्रत्येक व्यक्तीत माता व पित्याकडून आलेली एकेक प्रत असते. ई४चा रोगाशी असलेला संबंध १९९३ मध्ये उघड झाला. युरोपीय वंशाच्या लोकांत ई४ची एक प्रत जोखीम सुमारे तिप्पट, तर दोन प्रती आठ ते बारा पट करतात. ई२मुळे ती घटते. ई४ असूनही अनेकांना रोग होत नाही आणि नसतानाही तो होऊ शकतो.

भारतातील अभ्यास

हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण भागात आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झालेल्या तुलनात्मक अभ्यासात (२०००) ई४चे प्रमाण बल्लभगढमध्ये ०.०७, तर पेनसिल्व्हेनियात ०.११ आढळले. मात्र ई४चा रोगाशी संबंध दोन्हीकडे सारखाच होता. म्हणजेच भारतात हे रूप कमी लोकांत असले, तरी ज्यांच्यात आहे त्यांची जोखीम त्यामुळे कमी होत नाही. मुंबईतील पाहणीतही (२००१) स्मृतिभ्रंशाचे प्रमुख कारण अल्झायमर हेच होते.

चाचणी व प्रतिबंध

लक्षणे नसलेल्या व्यक्तींची एपीओई चाचणी सरसकट करण्याची शिफारस केली जात नाही, कारण तिच्यावरून रोग होईल की नाही हे निश्चित सांगता येत नाही. तरुण वयातील रोग कुटुंबात पिढ्यानपिढ्या आढळल्यास जनुकीय समुपदेशन घ्यावे. लेकानेमॅबसारख्या औषधांपूर्वी मात्र ही चाचणी उपयोगी ठरते. ई४च्या दोन प्रती असलेल्यांत त्या औषधाने मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो.

जनुके बदलता येत नाहीत. परंतु ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध अपुरे शिक्षण, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आदी १४ बदलता येण्याजोग्या घटकांशी आहे.