परदेशी साहाय्य आणि सामान्य नागरिक : काही गैरसमज व वस्तुस्थिती

दूरदेशीच्या दारिद्र्यनिवारणासाठी आपल्या सरकारने खजिन्यातील काही अंश द्यावा, ही मागणी घेऊन स्वतःच्या लोकप्रतिनिधीचे दार ठोठावणारा, आणि त्याबद्दल वेतनाची, पदाची वा प्रसिद्धीची अपेक्षा न धरणारा नागरिक हा लोकशाहीचा एक अत्यंत मौल्यवान कार्यकर्ता होय. अमेरिकेत अशा नागरिकांची ‘रिझल्ट्स’ ही संघटना १९८० सालापासून कार्यरत आहे आणि ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांतही तिच्या धर्तीवर संस्था उभ्या राहिल्या आहेत. या कार्यकर्त्यांविषयी, आणि ज्या साहाय्यासाठी ते झटतात त्याविषयी, सुशिक्षितांतही जे गैरसमज रूढ आहेत, त्यांचा येथे क्रमाने परामर्श घेतला आहे.

गैरसमज : परदेशी मदतीपायी श्रीमंत राष्ट्रांचा खजिना रिता होतो.

वस्तुस्थिती : सरकारी खर्चाचा किती भाग परदेशी मदतीवर जातो, असे अमेरिकन नागरिकांना जनमत-चाचण्यांत विचारले असता सरासरीने सुमारे एक-चतुर्थांश असे उत्तर येत आले आहे, प्रत्यक्षात तो भाग एक टक्क्याच्या आसपास राहिला. संपन्न राष्ट्रांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकास-साहाय्यास द्यावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली ठरविले; परंतु नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्या देशांनीच ते सातत्याने पाळले. ब्रिटनने २०१५ साली त्यासाठी कायदा केला खरा, पण २०२१ मध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आणले. तेव्हा खजिना रिता होण्याची भीती निराधार असून, कबूल केलेले न देण्याची प्रवृत्ती हीच खरी अडचण आहे.

गैरसमज : हे स्वयंसेवक म्हणजे परोपकारासाठी वर्गणी गोळा करणारे लोक.

वस्तुस्थिती : ते आपल्या प्रतिनिधीपाशी द्रव्य मागत नाहीत, मत मागतात. अंदाजपत्रकातील एखाद्या तरतुदीचा ते अभ्यास करतात, तिचे प्रयोजन थोडक्या मिनिटांत मांडता यावे असा सराव आपसांत करतात, स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकास पत्रे लिहितात, प्रतिनिधीच्या सचिवाची व मग खुद्द प्रतिनिधीची भेट मागतात, आणि भेटीत मिळालेल्या आश्वासनाचा महिनोन्महिने पाठपुरावा करतात. या खटाटोपाचे मोल कळावे म्हणून एकच उदाहरण पुरे. एड्सच्या निवारणासाठी अमेरिकेने २००३ साली ‘पेपफार’ ही योजना आखली, तेव्हा पाच वर्षांकरिता १५ अब्ज डॉलर मंजूर झाले. एवढी रक्कम वर्गणीच्या पेटीतून उभी राहत नाही; ती कायदेमंडळाच्या ठरावानेच उभी राहते, आणि ठराव संमत करणाऱ्यांना आपल्या मतदारांची इच्छा कळावी लागते.

गैरसमज : राज्यकर्ते तज्ज्ञांचे वा धनिकांचे ऐकतात, सामान्य मतदाराला कोण विचारतो?

वस्तुस्थिती : ‘रिझल्ट्स’चे संस्थापक सॅम डेली-हॅरिस हे मुळात संगीतकार व संगीतशिक्षक. १९७८-७९ च्या सुमारास शाळाशाळांतून बोलताना त्यांनी सुमारे ७,००० विद्यार्थ्यांना आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीचे नाव विचारले, तेव्हा ते जेमतेम २०० जणांना सांगता आले. ज्याचे नावच ठाऊक नाही त्याच्याकडे मागणी कशी करावी, या विचारातून ही संघटना जन्मास आली. प्रतिनिधी ऐकत नाहीत, या तक्रारीआधी त्यांना कोणी काही सांगितले आहे काय, हा प्रश्न येतो. पुढे युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी लसीकरण व जलसंजीवनी यांसारख्या स्वल्पखर्ची उपायांचा आग्रह जगापुढे मांडला, आणि १९८४ साली अमेरिकन काँग्रेसने बालकांचे प्राण वाचविण्यासाठी अडीच कोटी डॉलरचा स्वतंत्र निधी स्थापन केला. त्या निधीसाठी पत्रे लिहिणाऱ्यांत व खेटे घालणाऱ्यांत हे बिनपगारी नागरिक अग्रभागी होते.

गैरसमज : मदतीचा पैसा भ्रष्ट सत्ताधीशांच्या खिशात जातो, गरिबाला काहीच लाभत नाही.

वस्तुस्थिती : या आक्षेपाचा पहिला भाग सर्वस्वी खोटा नाही. शीतयुद्धाच्या काळात झाईरच्या मोबुटूसारख्या हुकूमशहांना पाश्चात्त्य राष्ट्रांनी राजकीय सोयीपोटी पोसले, आणि त्यांना दिलेल्या कर्जाचा बोजा रयतेच्या माथी राहिला. परंतु त्याविरुद्ध उभे राहिले तेही नागरिकच. १९९८ साली बर्मिंगहॅम येथे प्रबळ राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद भरली असता, ‘ज्युबिली २०००’ या चळवळीच्या सुमारे ७०,००० लोकांनी मानवी साखळी करून गरीब देशांच्या कर्जमाफीची मागणी केली. मदत द्या, आणि तिचा हिशेबही घ्या, अशी या कार्यकर्त्यांची दुहेरी भूमिका आहे.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र टिकत नाही. १९९० साली जगात पाच वर्षांखालील सुमारे सव्वा कोटी बालके दगावली. २०२२ साली हा आकडा ४९ लाखांवर आला. याचे मोठे श्रेय त्या त्या देशांतील परिचारिका, डॉक्टर व माता यांचेच, पण लस, औषध व प्रशिक्षण यांसाठी बाहेरून आलेल्या द्रव्याने त्यांचे हात बळकट केले, हे नाकारता येणार नाही. ‘पेपफार’मुळे अडीच कोटी लोकांचे प्राण वाचले, असा अमेरिकन सरकारचा हिशेब आहे. आणखी एक दाखला तर पुण्याचा आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूच्या आवरणाला दाह उत्पन्न करणाऱ्या मेनिंजायटिसच्या ‘ए’ प्रकाराच्या साथी वारंवार येत. त्यावरील लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत तयार केली, आंतरराष्ट्रीय निधीच्या आधाराने २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून ती टोचण्यास आरंभ झाला, आणि त्या प्रकाराचा उपद्रव त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

गैरसमज : गरिबांची मुले जगविली, तर लोकसंख्येचा भार असह्य होईल.

वस्तुस्थिती : अनुभव याच्या नेमका उलट आहे. जन्मलेले मूल जगेल असा भरवसा आईबापांस वाटू लागला, मुली शाळेत जाऊ लागल्या आणि कुटुंबनियोजनाची साधने हाताशी आली, की कुटुंबे आपोआप लहान होतात. बांगलादेशात १९७० च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी जवळजवळ सात अपत्ये होत. आज हे प्रमाण दोनच्या आसपास आहे.

गैरसमज : ज्याने एकदा हात पसरला, तो कायमचा याचक होतो.

वस्तुस्थिती : युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या दक्षिण कोरियाने दीर्घकाळ परकीय साहाय्यावर गुजराण केली, आणि २०१० साली तोच देश दात्या राष्ट्रांच्या समितीचा सभासद झाला. भारताने देवीच्या रोगाच्या उच्चाटनात जागतिक आरोग्य संघटनेचे व स्वीडनसारख्या देशांचे साहाय्य घेतले. त्याच भारताने १९६४ सालापासून इतर विकसनशील देशांच्या नागरिकांना तांत्रिक प्रशिक्षण देण्याची योजना चालविली आहे.

गैरसमज : एकदा तरतूद मंजूर झाली, की कार्यभाग संपला.

वस्तुस्थिती : २०२५ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने परदेशी मदत एकाएकी स्थगित केली, आणि केनेडींच्या कारकिर्दीत १९६१ साली स्थापन झालेली ‘यूएसएड’ ही संस्था १ जुलै २०२५ रोजी संपुष्टात आणली. अनेक दशकांत उभे राहिलेले काम काही महिन्यांत कसे मोडते, याचे हे विदारक प्रत्यंतर होय. तथापि त्याच जुलैत, आधी मंजूर झालेल्या रकमा परत घेण्याचे विधेयक सिनेटपुढे आले असता, ‘पेपफार’मधून ४० कोटी डॉलर कापण्याची सूचना त्यातून वगळण्यात आली. त्याचे श्रेय कोणा एका गटाचे नव्हे. परंतु वगळणारे हात मतदारांना उत्तरदायी असलेल्या सदस्यांचे होते, आणि अशा सदस्यांपाशी तगादा लावणे हेच या स्वयंसेवकांचे व्रत आहे.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे नागरिक म्हणून स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना म्हणून आग्रहाने सांगावेसे वाटते, की तेथील प्रतिनिधीस पत्र लिहिण्याचा, त्याची भेट मागण्याचा आणि दिलेल्या शब्दाची आठवण करून देण्याचा अधिकार तुम्हांसही पूर्णांशाने आहे. तो अवश्य बजावा. कारण ज्या बालकांचे प्राण या तरतुदींवर अवलंबून आहेत, त्यांना त्या कायदेमंडळात स्वतःचे मत नाही.